हायड्रोजनचे शेजारी

"आता इथं बघा," मोबाइलमधले सर म्हणाले. "हा इथून असा वर गेला आणि इथून असा खाली आला. दिसलं ना? आता त्याच्या बाजूचा हा बघा. ह्या दोघांकडं नुसतं बघितलं तरी उत्तर समोर येतं."

प्रियदर्शनीनं बोटानं व्हिडिओ थांबवला. "शिवे, कुठून कुठं गेला?"

शिवकन्येनं मान लांबवून पाहिलं. फळ्यावर आलेख होता खरा, पण त्याच्या बरोबर समोर सर उभे होते, चांगले ऐसपैस. "ताई, सरांच्या पाठीमागं गेलाय. मला तरी कुठं दिसायलाय."

"म्हणजे डोळे असून तुझं माझं सारखंच."

"सारखंच," शिवकन्या म्हणाली आणि तो सातवा व्हिडिओ तिनं बंद केला.

धर्मापुरीतल्या त्यांच्या घरात सकाळपासून हेच चाललं होतं. प्रियदर्शनी अंबाजोगाईच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. दहावीच्या सुमारास तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार जडला, आणि दोन वर्षांत दिसणं आटत आटत खिडकीच्या उजेडापुरतं उरलं. तरी पोरीनं रसायनशास्त्र सोडलं नाही. खराट्याच्या काड्या आणि बोरं घेऊन बसायची आणि एकेक रेणू हातानं उभा करायची. बेंझीनची बोरं खाल्ली म्हणून शिवकन्येनं एकदा पाठीत धपाटाही खाल्ला होता. वर्गात पहिल्या तिघींत तिचं नाव असायचं. अडलं ते स्पेक्ट्रोस्कोपीपाशी, कारण तिथं हातात काही येतच नाही. एक पदार्थ यंत्रात घालतात, यंत्र कागदावर वेडेवाकडे सुळके काढून देतं, आणि ते सुळके बघून पदार्थ कोणता ते ओळखायचं. बघून.

विभागाचे रामप्रसाद सर माणूस चांगले. चांगले होते म्हणूनच पंचाईत. शुक्रवारी त्यांनी प्रियदर्शनीला खोलीत बोलावून एक छापील अर्ज पुढं केला. वार्षिक पेपरात वीस मार्कांचा आलेखाचा प्रश्न असतो, त्याच्याऐवजी तुला 'स्पेक्ट्रोस्कोपीचे उपयोग' यावर निबंध लिहिता येईल, तशी सवलत आहे, सही कर आणि मोकळी हो.

"सर, मला आलेखच पाहिजे," प्रियदर्शनी म्हणाली.

"अगं, पण तो बघायचा असतो."

"मला एमएस्सीला ऑरगॅनिक घ्यायचंय सर. तिथं जन्मभर आलेखच असतात. निबंध लिहून गेले तर पहिल्याच दिवशी परत पाठवतील."

सरांनी बराच वेळ टेबलावर पेन वाजवला. मग म्हणाले, "हा अर्ज घरी ने आणि पुढच्या शनिवारी घेऊन ये. एक आलेख देतो, अनोळखी. तू कसाही ओळख, मी काही विचारत नाही. ओळखलास तर हा अर्ज फाडून टाकतो. न्हाई जमलं तर मुकाट्यानं सही करायची. कबूल?"

"कबूल," प्रियदर्शनीच्या आधी शिवकन्याच म्हणून बसली. ती अकरावीला होती. परीक्षेत ताईचा लेखनिक म्हणून बसायला ती चालत होती, म्हणून कॉलेजात बरोबर जायची. यंदा शाळेच्या वक्तृत्वात तालुक्यात पहिली आल्यापासून तिला कुठंही बोलायची भीती उरली नव्हती.

तर असे हातात सात दिवस होते, आणि त्यातले दोन तर आलेख कुठं सापडतो हे शोधण्यातच गेले.

पहिल्यांदा वर्गाच्या ग्रुपवरच्या नोट्स उघडल्या. प्रियदर्शनीच्या मोबाइलमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारी एक बाई होती. अठ्ठेचाळीस पानांच्या नोट्स त्या बाईनं दीड मिनिटात वाचल्या. "चित्र. चित्र. चित्र. पान संपले. चित्र." कुणीतरी वहीच्या पानांचे फोटो काढून चिकटवले होते. मग कॉलेजची लायब्ररी. तिथल्या ग्रंथपालांना फारच आनंद झाला. "आपल्याकडं ब्रेल आहे की," म्हणत ते आत गेले आणि पाटीएवढं जाडजूड पुस्तक दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले. त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. प्रियदर्शनीला ब्रेल उशिरा शिकल्यामुळं सावकाश यायचं. तिनं अर्धं पान चाचपलं आणि पुस्तक हळूच मिटलं.

"काय निघालं?" शिवकन्येनं विचारलं.

"तबल्याचे ताल."

पुण्याच्या एका संस्थेला फोन लावला. तिथल्या ताई इतक्या गोड बोलल्या की शिवकन्येला वाटलं, झालं काम. त्यांनी अकरा तासांचं बोलकं पुस्तक पाठवलं. रविवारी दुपारभर दोघी भिंतीला टेकून ऐकत बसल्या. आवाज छान, उच्चार स्वच्छ, आणि ऐन रंगात आलं की "आकृती सात दशांश तीनमध्ये दाखवल्याप्रमाणे हे सहज लक्षात येते" असं म्हणून ती बाई पुढच्या परिच्छेदावर. सहज लक्षात येते. शिवकन्येनं पुन्हा फोन लावला तेव्हा उत्तर आलं, "आम्ही आकृत्या वाचत नाही हो."

शेवटी फोटो बघून वर्णन सांगणारं एक ॲप सापडलं. शिवकन्येनं पुस्तकातल्या आलेखाचा नीट, सावली न पाडता फोटो काढला. ॲपनं विचार केला आणि सांगितलं, "पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या रेषा. बहुधा डोंगररांग. हवामान स्वच्छ आहे."

"चला, हवामान तरी कळलं," प्रियदर्शनी म्हणाली.

शिवकन्येला हसू येईना. तिनं पुस्तक मांडीवर ओढलं. "आण इकडं. मीच सांगते. हे बघ, उजवीकडं एक घोळका हाय. मग मोकळं. मग एक उंच. मग लई मोकळं, मग परत घोळका."

"उंच म्हणजे किती?"

"उंच म्हणजे उंच."

"पहिल्या घोळक्याच्या मानानं किती? घोळक्यात किती जण? मधला उंच का कडेचा?"

"तीन जण. मधला उंच. न्हाई, थांब. हां, मधलाच."

"शून्यापासून किती लांब?"

"ताई, मी अकरावीला हाय."

"अकरावीला अंतर मोजायला शिकवत न्हाईत का?"

"तूच वाच मग," शिवकन्या म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिनं जीभ चावली. प्रियदर्शनीनं तोंड भिंतीकडं वळवलं. खोलीत फक्त काकूच्या सुईचा दोरा कापडातून ओढल्याचा आवाज येत होता.

आईअण्णा दिवाळीपासून कारखान्यावर ऊसतोडीला गेलेले. दरवर्षी ते गेले की दोघी बहिणी मंजुळाकाकूच्या हवाली असायच्या. काकूला मूलबाळ नव्हतं, आणि गावात तिच्यासारखी वाकळ शिवणारी कुणी नव्हती. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून ती असा बारीक धावदोरा घालायची की लोक वाकळ अंगावर घ्यायच्या आधी हात फिरवून बघायचे. शिवकन्येनं त्या आवाजाकडं पाहिलं. काकू वाकळीच्या कडेला वेल काढत होती. कागदावरचा वेल सुईनं टोचून घेतलेला, कागद कापडावर ठेवून वरून निळीची पुरचुंडी फिरवली की भोकांतून निळे ठिपके खाली उतरतात, मग ठिपक्यांवरून टाके.

"काकू," शिवकन्या म्हणाली, "वेलाच्या जागी हे काढशील का?"

काकूनं आलेख हातात धरला, उलटा केला, सुलटा केला. "ह्ये काय? डाक्टरनं छातीवर वायरी लावून काढल्यावानी?"

"हे रसायन हाय."

"दिसायला तर काहीच न्हाई ह्यात. फूल न्हाई, पान न्हाई." पण पोरीच्या परीक्षेचं आहे म्हटल्यावर तिनं वेल बाजूला सारला. "आन इकडं. कितीक काढायचेत?"

शिवकन्येनं पुस्तकातल्या आलेखांच्या झेरॉक्स काढून आणल्या, आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत धोतराच्या पांढऱ्या तुकड्यांवर पांढऱ्या जाड दोऱ्यानं तीन आलेख शिवून तयार होते. प्रियदर्शनीनं पहिला तुकडा मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांची बोटं त्यावर सोडली, तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की शिवकन्येला कालचं सगळं विसरायला झालं.

"हा बघ शून्य. उजवीकडं. इथून डावीकडं वाचत जायचं."

"उलटंच की. आज्याच्या उर्दू कागदासारखं."

"तसंच समज. आता हा प्रत्येक घोळका म्हणजे रेणूतला हायड्रोजनचा एकेक गट. गंमत काय हाय सांगू? घोळक्यात किती सुळके, त्यावरून त्या गटाची माहिती कळत न्हाई. शेजाऱ्याची कळते."

"म्हणजे?"

"सुळके मोजायचे आणि एक वजा करायचा. तेवढे हायड्रोजन शेजारच्या घरात. तीन सुळके असतील तर शेजारी दोन. चार असतील तर शेजारी तीन. एकटाच सुळका असेल तर शेजारी कुणीच न्हाई."

"स्वतःचं काही सांगायचं न्हाई आणि शेजाऱ्याच्या घरात किती माणसं ते सांगायचं," शिवकन्या म्हणाली. "आपल्या गल्लीतलेच हायड्रोजन दिसतात."

दोघी हसल्या. त्या आठवड्यातलं ते शेवटचं हसणं, कारण मंगळवारपासून काहीच जुळेना.

पहिला आलेख एथिल असिटेटचा होता. पुस्तकात उत्तर दिलेलंच होतं, फक्त बोटांनी पटवून घ्यायचं. प्रियदर्शनीनं पहिला घोळका चाचपला. "चार. म्हणजे शेजारी तीन." मग लांबचा घोळका. "हेपण चार. शेजारी तीन." ती थांबली. "असं कसं? ह्याच्या शेजारी तर दोघंच राहतात. दोघांच्या शेजारी तीन, तिघांच्या शेजारी दोन. हा गडी तीन कावून सांगायलाय?"

पुन्हा मोजलं. चार. दुसऱ्या तुकड्यावर तेच. तिसऱ्यावर दोन जागी. शिवकन्येनं पुस्तकातलं वाचून दाखवलं तर पुस्तक म्हणे तीन सुळके. बोट म्हणे चार. पांढऱ्यावर पांढरा दोरा, शिवकन्येलाही टाके नीट मोजता येईनात, आणि तिला वाटलं ताईचं बोट एकाच टाक्यावरून दोनदा जात असेल. तसं तिनं बोलूनही दाखवलं.

"दोनदा जातंय?" प्रियदर्शनी म्हणाली. "चार वर्षं बोटांनी जगायलेय मी."

"मी फक्त म्हणलं."

"म्हणू नको."

बुधवारी ती कॉलेजला गेली नाही. तुकडे मांडीवर घेऊन सकाळपासून बसली. चौथा सुळका कुठून येतो याची तिनं नाना कारणं लावून बघितली. रेणूच वेगळा धरून बघितला, हायड्रोजन इकडचे तिकडे हलवून बघितले. दुपारी कारखान्यावरून आईचा फोन आला. "जेवल्या का गं?" जेवलो, दोघी एकदमच खोटं बोलल्या. गुरुवारी सकाळी शिवकन्या शाळेत जायच्या तयारीत वेणी घालत होती, तेव्हा प्रियदर्शनी शांतपणे म्हणाली,

"शिवे, तो अर्ज कुठंय?"

"कोणता?"

"निबंधाचा. काढून ठेव. सही करते."

शिवकन्येच्या हातातली वेणी सुटली. "परवापर्यंत वेळ हाय."

"वेळ असून काय करू? साधे ओळखीचे आलेख जुळत न्हाईत मला. पुस्तकाला तीन लागतात आणि मला चार लागतात. कदाचित सर म्हणतात तेच खरं, हे बघायचंच असतं. बोटाचं काम न्हाई." आवाजात रडू नव्हतं, म्हणून शिवकन्येला ते जास्त लागलं. ताई रडली असती तर तिला समजावता आलं असतं.

ती शाळेत गेली नाही. अर्ज शोधण्याच्या निमित्तानं तिनं फळीवरचे सगळे कागद रागारागानं खाली ओढले. त्यात काकूनं टोचलेले कागदही होते, निळीनं माखलेले. काकू ते टाकत नसे, पुन्हा कामाला येतात म्हणून जपून ठेवायची. एथिल असिटेटचा कागद शिवकन्येच्या हातात आला तेव्हा ती दारात उभी होती आणि बाहेर लख्ख ऊन पडलेलं. कागद वर धरला तसे भोकांतून उन्हाचे ठिपके चमकले. छापलेल्या काळ्या रेषेवरून ठिपके चढत, उतरत गेलेले. पहिल्या घोळक्यात छापलेले सुळके तीन. एक, दोन, तीन.

उजेडाचे सुळके चार.

चौथा सुळका होता तिथं कागदावर काहीच छापलेलं नव्हतं. कोऱ्या जागेत, बारीकसा, शहाण्यासारखा तो बाकीच्या तिघांना लागून उभा.

"काकू," शिवकन्या म्हणाली. आवाज तिलाच ओळखू आला नाही. "हा चौथा कुठला?"

काकू जात्याजवळ डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यो मीच घातलाय."

"का?"

"अगं, तीनच हुते तिथं. तीन तसंच ठिवतेत का कुनी? ताटात तीन भाकरी वाढतो का आपन? तिसरीचा तुकडा मोडून बाजूला ठिवतोच की. पोरीच्या परीक्षेचं काम, आन त्यात जागोजाग तीन तीन. मला न्हाई बघवलं. म्हनून एक बारकुसा जोडीला दिला. कुनाला कळतंय?"

"ताईला कळतंय," शिवकन्या म्हणाली. "तिला तेवढंच कळतंय. तीन दिवस ती त्या तुझ्या बारकुशाला शेजारी शोधायलीय. सगळे रेणू मोडून झाले तिचे. आता सही करायला बसलीय, माझं बोट खोटं म्हणून."

काकूच्या हातातली डाळ सुपात पडली. ती उठली, आत गेली, प्रियदर्शनीसमोर बसली, आणि काय बोलावं ते न सुचून पदरानं तिच्या मांडीवरचा तुकडा उगाच पुसायला लागली. "प्रिये, मी तर चांगल्यासाठीच केलं गं."

प्रियदर्शनीनं तुकड्यावरचे सुळके पुन्हा एकदा मोजले. शिवकन्येला वाटलं आता ही मोठ्यानं ओरडणार, आणि ओरडली तर बरंच होईल.

"म्हणजे चार लागत होते ते चारच होते," ती म्हणाली.

"चारच हुते."

"मी बरोबर मोजत होते."

"एकदम बरोबर, माय."

"काकू, तुझे पाय धरते," प्रियदर्शनी म्हणाली, "पण परत रसायनाची दृष्ट काढू नकोस." मग तिनं हात पुढं केला. "शिवे, तो कागद दे इकडं."

कागद हातात आल्यावर तिनं सवयीनं त्यावर बोट फिरवलं, आणि मग झटकन कागद उलटा केला. सुई जिथून बाहेर पडली होती तिथं मागच्या बाजूला कागदाला बारीक खरखरीत उंचवटे आले होते. बोट त्यावरून सरळ चढत गेलं आणि उतरलं.

"हे टोचायला किती वेळ लागला काकू?"

"त्याला काय लागतंय. चहा उकळंस्तोवर."

"आणि आम्ही दोन दोन दिवस शिवत बसलो होतो," शिवकन्या म्हणाली. तिला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. अकरा तासांचं पुस्तक, तबल्याचे ताल, डोंगररांग, स्वच्छ हवामान, आणि उत्तर निळीनं माखून फळीवर पडलं होतं.

गुरुवार दुपारपासून शुक्रवार अंधार पडेपर्यंत शिवकन्येनं झेरॉक्सवरचे एकोणीस आलेख टोचले. खाली जुनी वाकळ, वर कागद, हातात काकूची जाड सुई. मागच्या बाजूनं वाचायचं असल्यामुळं शून्य डावीकडं यायचा, ते प्रियदर्शनीला उलट सोपं पडलं. अंतर ती बोटाच्या पेरांनी मोजायची, तर्जनीच्या पेराएवढं एक घर. "ऑक्सिजनला जो गट चिकटलाय तो शून्यापासून लांब पळतो," ती बडबडत होती. "ऑक्सिजन म्हणजे पाहुणा. जो शून्यापासून लांब तो पाहुण्याच्या जवळ, पाहुण्यापासून लांब तो शून्याजवळ." एकेक रेणू जुळत गेला. काकू मात्र नाराज. बिनादोऱ्याची सुई चालवायची ही गोष्टच तिला पटेना, आणि शिवकन्या तीन सुळक्यांपाशी आली की ती तोंड फिरवून बसायची.

शनिवारी दोन वाजता दोघी रामप्रसाद सरांच्या खोलीत होत्या. सरांनी टेबलावर एका बाजूला दोघींनी परत आणलेला अर्ज ठेवला, दुसऱ्या बाजूला आलेख.

"सूत्र सांगतो. कार्बन चार, हायड्रोजन आठ, ऑक्सिजन दोन. प्रत्येक गटात हायड्रोजन किती ते वर लिहिलंय, ते बहिणीनं वाचून दाखवलं तर चालेल. बाकी एक शब्द न्हाई."

शिवकन्येनं घडी घातलेलं कापड पसरलं, आलेख त्यावर ठेवला आणि सुई काढली. सर बघतच राहिले. टोचता टोचता तिच्या लक्षात आलं की हा तर ओळखीचा. तिघांचा घोळका, चौघांचा घोळका, एकटा सुळका. एथिल असिटेट. पाठ झाला होता तिला. ओठांपर्यंत आलेला शब्द गिळून तिनं आकडे वाचले, तीन, दोन आणि तीन, आणि कागद उलटा करून ताईपुढं ठेवला.

प्रियदर्शनीची बोटं फिरू लागली. "तीन सुळके. शेजारी दोन. चार सुळके. शेजारी तीन. हे दोघं एकमेकांचे शेजारी, भांडण न्हाई. आता एकटा." बोट एकट्या सुळक्यावर थांबलं आणि तिथून मागं शून्याकडं पेरापेरानं निघालं. एक. दोन. तीन. तीनच्या पुढं अर्ध्याहून जास्त.

एथिल असिटेटात एकटा दोनपाशी असतो. हा सगळ्यांच्या पलीकडं जाऊन उभा होता. म्हणजे तिचं उत्तर चुकलेलं, आणि ताईचं बोट आत्ता बरोबर जागेवर. तिनं श्वास रोखला.

बोट क्षणभर तिथंच राहिलं. "हा लांबचा, एकटा, तीन हायड्रोजनांचा. म्हणजे ऑक्सिजनला हा चिकटलाय, जोडीतला कुणी न्हाई." प्रियदर्शनीनं मान वर केली. "मिथिल प्रोपॅनोएट."

सर खुर्चीत मागं रेलले. "गेल्या वर्षीच्या चाचणीत हाच दिला होता. सव्वीस जणांनी एथिल असिटेट लिहिलं. घोळके बघितले आणि ठोकून दिलं, जागा कुणी बघितली न्हाई." त्यांनी अर्ज उचलला. "बरोबर आहे तुझं."

"सर, थांबा," प्रियदर्शनी म्हणाली.

सर थांबले.

"हिनं श्वास रोखला होता. मी एकट्या सुळक्यावर आल्यावर. तेव्हा मला कळलं की इथंच काहीतरी हाय. तो इशारा झाला. दुसरा आलेख द्या, आणि हिला बाहेर बसवा."

शिवकन्येला वाटलं, खुर्चीसकट जमिनीत जावं. आठ दिवस. आठ दिवस ही सही टाळायला जीव काढला, सरांच्या हातात अर्ज फाडायला धरलेला, आणि ही बया म्हणते दुसरा द्या. "ताई, मी जिवंत माणूस हाय. श्वास घेते कधी, कधी न्हाई घेत."

"ते माहीत हाय मला. म्हणून बाहेर बस."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग कपाटातून दुसरा कागद काढला. शिवकन्येनं दात खाऊन तो टोचला, आकडे वाचले, उलटा करून ठेवला आणि दार ओढून घेत बाहेर आली.

व्हरांड्यातल्या पायरीवर ती बसून राहिली. आतून काही ऐकू येत नव्हतं. हा आलेख अवघड होता, तिनं टोचताना पाहिलं होतं. सुळके एकमेकांत घुसलेले, कुठला घोळका कुणाचा ते तिलाही कळलं नव्हतं. आता जर हा चुकला तर ताईला ती आयुष्यभर सोडणार नव्हती, असं तिनं ठरवलं. मग ठरवलेलं बदललं. मग घड्याळ बघितलं. पावणेपाचची गाडी होती, आणि साडेचार होत आले होते.

दार उघडलं. सर बाहेर आले. त्यांच्या हातात अर्ज होता, दोन तुकड्यांत.

"तुझी बहीण नेहमीच अशी आहे का गं?"

"काय चुकलं सर?"

"काहीच चुकलं न्हाई. सगळ्यांचा पेपर तोच तिचा पेपर. परीक्षेत आलेख टोचून घ्यायची परवानगी मी मागतो वरून." त्यांनी मागं वळून खोलीत बघितलं आणि आवाज खाली केला. "पण आता उठ म्हणलं तर उठेना. म्हणते, हा सोपा होता, अजून एक द्या."

शिवकन्या आत गेली. प्रियदर्शनी हात पुढं करून बसली होती आणि टेबलावर तिसरा कागद आलेला होता.

"ताई, गाडी."

"टोच."

"ताई, पावणेपाचची गेली की मग सातशिवाय न्हाई."

"लवकर टोच मग."

शिवकन्येनं सुई उचलली. एक शब्द न बोलता, आणि या खेपेला अंगावर म्हैस आल्यासारखा मोठ्यानं श्वास घेत, सोडत, ती टोचायला लागली.